थोड्या वेळाने या

आमच्या सुभेदारांनी अनोळखी ईमेलला पहिल्या हाकेत कधी दार उघडलं नाही. सैन्याच्या सिग्नल विभागात, संदेशवहनात उमेदीची वर्षं काढलेला हा कोरेगावकडचा माणूस सांगलीजवळच्या आमच्या कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळायचा. ती खोली म्हणजे त्यांना चौकीच वाटायची.

नव्या पत्त्यावरून मेल आला की सर्व्हरचं उत्तर ठरलेलं: आत्ता नाही, थोड्या वेळाने या. खऱ्या माणसाचा मेल आपोआप पुन्हा येतो. लॉटरी लागल्याच्या थापा लाखोंना पाठवणारे मात्र सहसा परत फिरकत नाहीत. "ज्याला खरंच काम हाय त्यो परत येतोय," सुभेदार म्हणायचे. "चोर कशाला थांबतोय?"

एकदा प्राचार्य तणतणत आले. महत्त्वाचा मेल अडकला होता. सुभेदारांनी खुर्ची पुढे केली. "सायेब, च्या घ्या. कप रिकामा व्हायच्या आत येतंय." आणि खरंच आला. प्राचार्यांनी बशी खाली ठेवली.

माझ्यावरही त्यांनी दया केली नाही. माझा पासवर्ड कुणीतरी पळवला आणि माझ्या नावाने जगभर कचरा जाऊ लागला, तेव्हा त्यांनी माझं खातं बंद करून मला दोन दिवस बाहेर ठेवलं. मी चिडून आठवडाभर बोलले नाही. ते रोज माझ्या टेबलावर घरची शेंगदाण्याची चटणी ठेवून जायचे. शेवटी मीच हसले. "राग गेला व्हय, पोरी? आता पासवर्ड नीट ठेव," एवढंच म्हणाले. असं हक्काने रागावणारं माणूस मला नंतर भेटलं नाही.

ते निवृत्त होऊन गावी गेले. कॉलेजने मेल एका कंपनीकडे सोपवला, चौकी बंद झाली. गेल्या वर्षी ॲडमिशनच्या गर्दीत त्यांचा फोन आला. "सुभेदार, थोड्या वेळाने करते हं," मी म्हणाले. "कर की, पोरी. मी हायच."

महिन्याभराने त्यांच्या नंबरवरून फोन आला. मी आनंदाने उचलला, तर पलीकडे सुभेदारांच्या पत्नी, काकू होत्या. सुभेदार जाऊन चार दिवस झाले होते.

"तुमच्या फोनची लय वाट बघत हुतं," काकू म्हणाल्या. "मी म्हनलं, आवं, तुमीच लावा की परत. तर म्हनलं, नगं. ती आपली हाय, करंल."

मी केला नव्हता.