वास उत्तम

देशाचं भवितव्य शाळेच्या ताटात शिजतं, असं आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष त्या शुक्रवारी परिपाठाला म्हणाले. शिजतं ते पातेल्यात, पण असो. त्या पातेल्याशी उभी राहणारी बाई मी. मला त्यांनी सगळ्या शाळेपुढे उभं केलं होतं आणि माझाच पदर माझ्या डोळ्यांवर घट्ट बांधायला लावला होता.

"काय हाय, सांग," ते म्हणाले.

नाकापुढे काहीतरी धरलेलं होतं. मला काही कळलं नाही. पुढच्या रांगेतलं कुणीतरी हळूच म्हणालं, कांदा. मग दुसरं काहीतरी आलं. तेही कळलं नाही. ते त्यांच्या ट्रॅक्टरचं डिझेल पुसलेलं फडकं होतं. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, उदबत्ती. त्यांनी विचारलं, कशावरून? मी म्हणाले, चटका बसला. लेकरं हसली. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाला उभं केलं असतं तर.

चौथी वस्तू ओली होती. नाकाच्या शेंड्याला लागली. आणि सगळं पटांगण असं हसलं की वडाच्या झाडावरचे पारवे उडाल्याचा आवाज मला पदराच्या आतून आला. मी पदर सोडला. अध्यक्षांच्या हातात पळसाचं पान होतं आणि पानावर शेण.

"बघा गुरुजी," ते हेडमास्तरांना म्हणाले, "बाईला शेण कळंना, अन् ही लेकरांला खिचडी घालायलीय."

मी हातपंपावर जाऊन नाक धुतलं. शेणाचा वास येत नव्हता, एवढाच त्यातला फायदा.

हसणाऱ्यांमध्ये माझी मुलगी होती. सहावीच्या रांगेत. तोंडावर हात ठेवून हसत होती, म्हणजे लपवायचं होतं तिला. पण हसत होती.

हे माझं नाक कसं गेलं ते सांगते.

करोना आला त्या पहिल्या उन्हाळ्यात पुण्याहून, मुंबईहून माणसं गावाकडे परत आली. त्यांना गावात घेईनात. शाळेत ठेवलं. शाळेचा विलगीकरण कक्ष झाला. त्यांना जेवण कोण करणार, हा प्रश्न ग्रामपंचायतीत फार वेळ चालला नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या दोघी होत्याच, मी आणि कौसाबाई. फाटकाच्या आत आम्ही दोघीच जात होतो. बाकीचे फाटकाबाहेरून देशसेवा करत होते. अध्यक्षांनी फाटकाबाहेर उभं राहून फोटो काढले. पुढे आम्हाला करोना योद्धा म्हणून प्रमाणपत्र मिळालं. त्यावर त्यांचा फोटो माझ्या नावापेक्षा मोठा आहे. ते प्रमाणपत्र मी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून वापरते, चांगल्या जाड कागदाचं आहे.

मला ताप आला तो दुसऱ्या उन्हाळ्यात. आमच्या घरी मेंढ्या आहेत. मालक घोंगडं घेऊन दारात आले की माणसाआधी मेंढरांचा वास घरात येतो. तिसऱ्या दिवशी ते आले, माझ्या उशाशी बसले, बोलायला लागले, आणि मी दचकले. ते आलेले मला कळलेच नव्हते. तेव्हा समजलं की काहीतरी गेलं.

ताप उतरला. वास परत आला नाही. वर्षभराने कांद्याचा थोडा आला, पण कांद्याचा नव्हता, जळक्या टायरचा होता. मग तोही गेला. शिवाय दम लागतो. हंडा घेऊन पाण्याच्या टाकीपासून स्वयंपाकखोलीपर्यंत येताना मध्ये दोनदा थांबते. एका दमात लांब वाक्य बोलता येत नाही. दाळ टाकली की टाकायची राहिली, हे आठवत नाही, म्हणून दाळ टाकली की एक चिंचोका या फळीवरून त्या फळीवर ठेवते. कौसाबाई म्हणते, "बया, तुझं डोकं आता चिंचोक्यात ऱ्हायलंय." खरं आहे.

परभणीला नाकाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही. काहींचा वास परत येतो, काहींचा येत नाही, म्हणाल्या. रोज सकाळी लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब एकेक करून हुंगायचं, वास आठवायचा, असा व्यायाम सांगितला. मी पाच वर्षं हुंगते आहे. आमच्या गल्लीत काही बायकांना वाटतं मी करणी उतरवते. लवंग आणि लिंबू दोन्ही असल्यामुळे मला फार खुलासा करता येत नाही.

काम मात्र मी सोडलं नाही. एक तर दुसरं काम नव्हतं. शेतात खुरपायला गेले तर ओळीत मागे राहते, आणि मागे राहणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी कुणी बोलवत नाही. दुसरं म्हणजे शाळेचं पुस्तकांचं कपाट स्वयंपाकखोलीत ठेवलेलं आहे, वर्गात जागा नाही म्हणून. भात शिजेपर्यंत मी ते कपाट दोनदा वाचून काढलं आहे. आणि तिसरं म्हणजे कौसाबाई. सकाळी ती तेल हुंगायची, दाळ हुंगायची, तांदूळ हुंगायची आणि म्हणायची, टाक. मग मी टाकायची. माझे हात, तिचं नाक. दोघींची मिळून एक धड स्वयंपाकीण होत होती. हेडमास्तरांना हे मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, चालतंय.

त्या गुरुवारी कौसाबाई नातवाचं जावळ काढायला पोखर्णीला गेली. मी ऑफिसात गेले. म्हणाले, सर, आज कौसाबाई नाही, दाळीचा वास घ्यायला कुणाला तरी पाठवा. हेडमास्तर माणूस वाईट नाही. त्यांना मोबाईलवर कसली तरी माहिती भरायची होती. मान वर न करता म्हणाले, करा तुम्ही, काही होत नाही.

मी केलं. इथे मी स्वतःला सोडत नाही. अशा हकिकतीत सांगणारा नेहमी धुतल्या तांदळासारखा असतो. मी नव्हते. मी चूल पेटवायला नको होती. पण बारा वाजायला आले होते, लेकरं ताटल्या वाजवत होती. दाळीचं पोतं गळक्या कोपऱ्यात होतं, खालच्या अंगाला ओल लागून दाळ कुबट झाली होती. मला ती दाळ नेहमीसारखीच पिवळी दिसली.

पहिल्या रांगेने दोन घास खाऊन ताटल्या सरकवल्या. दोघं ओकले. आणखी काही झालं नाही, हे नशीब. त्या दोघांपैकी एक अध्यक्षांच्या पुतण्याची मुलगी होती. म्हणून शुक्रवारी देशाच्या भवितव्यावर भाषण झालं.

शेणाच्या खेळानंतर मला ऑफिसात बोलावलं. हेडमास्तर, अध्यक्ष आणि टेबलावर एक कागद. कागद आधीच लिहिलेला होता. प्रकृती अस्वास्थ्यामुळे मी स्वयंपाकीण पदाचा स्वेच्छेने राजीनामा देत आहे. अक्षर हेडमास्तरांचं, स्वेच्छा माझी. माझ्या जागी कोण येणार तेही गावाला आदल्या रात्रीच कळलं होतं. अध्यक्षांच्या मळ्यावरच्या सालगड्याची बायको.

"सही कर," अध्यक्ष म्हणाले. "उगं तमाशा नको. तुझ्याच भल्याचं सांगायलोय. घरी बस, आराम कर."

मी पेन घेतलं. खरं सांगते, मी सही करणार होते. थकले होते. नाकाच्या कडेला अजून काहीतरी चिकटलंय असं वाटत होतं. आणि डोळ्यांसमोर सारखी मुलगी येत होती, तोंडावर हात ठेवलेली.

कागदाला आधार हवा म्हणून मी टेबलावरचं जाड रजिस्टर ओढलं. ते चव रजिस्टर होतं. बाहेरच्या वाचकांना सांगते. नियम असा आहे की लेकरांना वाढायच्या आधी अर्धा तास एका शिक्षकाने आणि समितीच्या एका माणसाने अन्न खाऊन बघायचं आणि रंग, वास, चव कशी आहे ते लिहून सही करायची. हे रजिस्टर मी रोज पुसते. ते कधी उघडलं नव्हतं, कारण ते ऑफिसचं, मी चुलीची.

त्या दिवशी उघडलं. गुरुवारची ओळ होती. रंग उत्तम, वास उत्तम, चव उत्तम. खाली अध्यक्षांची सही. गुरुवारी अध्यक्ष दिवसभर मानवतला कापूस घेऊन गेले होते, सगळ्या गावाला माहीत होतं. मी पुढे बघितलं. शुक्रवार, उत्तम. अजून तर चूलही पेटली नव्हती. शनिवार, उत्तम. सोमवार, उत्तम. महिनाअखेरपर्यंत सगळ्या ओळी भरलेल्या, सगळ्या सह्या झालेल्या. एकाच शाईच्या, एकाच बैठकीतल्या.

मला दोन वाक्यं बोलायची होती. माझं नाक करोनानं गेलं, तुमचं कशानं गेलं, हे एक. पण दोन्हींना पुरेल एवढा दम नव्हता. एकच निवडावं लागलं.

"तात्या," मी अध्यक्षांना म्हणाले, "सोमवारच्या खिचडीचा वास तुमाला आजच कसा आला?"

ते रजिस्टर ओढायला पुढे झाले. मी ते काखेत धरलं आणि दोन पावलं मागे सरकून दारात उभी राहिले. बाहेर दोघा-तिघा लेकरांचे आई-बाप कालच्या ओकाऱ्यांची चौकशी करायला आले होते. ते ओट्यावरून आत बघत होते.

"लय शिकलीस," अध्यक्ष म्हणाले.

कपाट तुमीच माझ्या खोलीत ठेवलंय, असं मी म्हणाले नाही. दम संपला होता. नुसती उभी राहिले. उभं राहायला मला फार श्वास लागत नाही, हे त्या दिवशी कळलं.

राजीनाम्याचा कागद हेडमास्तरांनी स्वतःच उचलला आणि घडी करून खिशात ठेवला. फाडला नाही. त्याची मी नोंद ठेवली आहे.

घरी मुलीशी बोलले. रागावले नाही. तिला विचारलं, का हसलीस? ती म्हणाली, "सगळे हसायले होते, आई." मग थोड्या वेळाने तिने डोकं माझ्या नाकाजवळ आणलं आणि विचारलं, "माझा बी वास येत न्हाई का?"

मी म्हणाले, न्हाई. तिला खोटं सांगायची सवय मला लावून घ्यायची नाही. खोटं लिहिलेलं रजिस्टर एक पुरे आहे.

आता काय ते स्पष्ट लिहिते. माझा वास परत येईल असं मला वाटत नाही. दमही असाच राहील. जूनमध्ये समिती नवा ठराव करेल आणि त्यात माझं नाव बहुधा नसेल; आम्हाला काढायला कारण लागत नाही, फक्त ठराव लागतो. पण तोवर चूल माझ्याकडे आहे. मी शिजवते. साडेअकराला दोन ताटल्या वाढते आणि ऑफिसच्या टेबलावर ठेवते, रजिस्टरसकट. दोघांनी खायचं, लिहायचं, त्याच दिवशीची सही करायची. तोवर पातेल्यावरचं झाकण निघत नाही. हेडमास्तर म्हणाले, लेकरं उपाशी राहतील. मी म्हणाले, मग लवकर खा. कौसाबाई माझ्या शेजारी झाकणावर हात ठेवून उभी असते. मला नाक नाही, हे मी सगळ्यांना सांगते, नव्या पालकांनाही, लाजत नाही. ज्याला नाक आहे त्याने ते वापरावं, एवढंच मागते. आणि माझ्या तोंडाजवळ पुन्हा कुणी काही आणलं, तर डोळे उघडे ठेवून त्याचा हात धरीन. अध्यक्षांचा असला तरी.

सोमवारी अध्यक्ष आले. इस्त्रीचे कपडे, खिशात पांढरा रुमाल. अकरा वर्षं ते अध्यक्ष आहेत. शाळेची खिचडी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडात घातली. बराच वेळ चावत बसले. मग पेन काढलं, आधी भरलेल्या "उत्तम"वर रेघ मारली आणि लिहिलं, मीठ कमी.

मीठ कमीच होतं.