साडूभाऊंची सरासरी

लीगच्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी मी माझा गोलकीपर देऊन टाकला. कोणी हिसकावून घेतला नाही, कोणी गळ्याला सुरी लावली नव्हती. मीच चहा पीत पीत, शहाण्यासारखा चेहरा करून दिला. आणि दिला तो माझ्या साडूच्या सांगण्यावरून. साडूच्या सांगण्यावरून माणसानं पावसात छत्रीसुद्धा उघडू नये, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी तरी कळायला हवं होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते डिचोलीला, मी पेडणे तालुक्यात कोरगावला. त्यांच्याइतका आकड्यांनी आंधळा झालेला माणूस पेडण्यापासून डिचोलीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. पलीकडे सावंतवाडीपर्यंत गेलात तरी सापडेल असं वाटत नाही. जगातली कुठलीही वस्तू त्यांच्यासमोर आली की ती शंभरापैकी किती, हे ठरवल्याशिवाय ती त्यांना दिसतच नाही. यात त्यांचा सगळाच दोष आहे असंही नाही. उभी हयात त्यांनी खाणीवर काढली, आणि तिथे त्यांचं काम काय, तर येणाऱ्या ट्रकातली मूठभर माती काढायची, प्रयोगशाळेत द्यायची आणि तिच्यात लोखंड किती टक्के ते लिहायचं. हलकी माती निघाली तर तिच्यात भारी माती मिसळायची, म्हणजे जहाजात पोचेपर्यंत सरासरी बरोबर जमते. खाणी बंद झाल्या, ट्रक गेले, तांबडी धूळसुद्धा झाडांवरून उतरली. पण साडूभाऊंची टक्केवारी काही उतरली नाही. माती मिळेना म्हणून ते माणसं तपासायला लागले.

सकाळी पोदेर सायकलवर पाव घेऊन येतो. बाकीची माणसं पाव घेतात आणि खातात. साडूभाऊ पावाचा गोल उंडा हातात घेतात, दाबतात, उलटा करून बुडाला टिचकी मारतात आणि जाहीर करतात, “आज अडुसष्ट.” त्या बिचाऱ्या पोदेरानं सुरुवातीला तो भाव समजून हिशेब केला होता म्हणे. आता तो सरावला आहे. चांगला भाजलेला उंडा वर ठेवून स्वतःच सांगतो, “पात्रांव, हो उंडो पंचाऐंशी,” आणि पुढच्या दारी जातो. माझ्या पुतणीच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या आईनं, जिलबी वाढता वाढता, मुलगा कसा वाटला असं सहज विचारलं. असा प्रश्न उत्तरासाठी नसतो हे पंगतीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. साडूभाऊंनी मात्र जिलबी खाली ठेवली, मांडवाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “मुलगो एकाहत्तर. घर धरलं तर चौऱ्याहत्तर.” त्यानंतर त्या बाईंनी आमच्या रांगेला मठ्ठा दिला नाही.

जत्रेतल्या दशावतारी नाटकालाही मी त्यांच्याशेजारी बसून एकदा चूक केली आहे. राक्षस आला तो असा दणदणीत, की पुढची बाळगोपाळ मंडळी आईच्या कुशीत शिरली. देव मात्र सर्दीनं बेजार, आवाज बसलेला, मुकुट सारखा कानावर घसरतोय. युद्ध सुरू होताच साडूभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “राक्षस ब्याऐंशी, देव एकसष्ट. देव जिंकतलो कसो?” शेवटी देवच जिंकला, कारण देवाला जिंकावंच लागतं. साडूभाऊंना ते काही पटलं नाही. परत येताना गाडीत ते सबंध वाटभर गप्प होते, आणि गप्प बसलेला साडू हा बोलणाऱ्या साडूपेक्षा अवघड असतो.

अशा माणसाच्या हातात फुटबॉलची लीग द्यायची म्हणजे माकडाच्या हातात नुसतं कोलीत नव्हे, वर काजूची वखार देण्यासारखं आहे. ही लीग खरी नाही, संगणकातली. मी तुयेच्या ज्या कारखान्यात आहे तिथल्या एका इंजिनियरनं ती सुरू केली. आम्ही दहा प्रौढ, कमावती, मुलाबाळांची माणसं. प्रत्येकाचा एक संघ. खेळाडू संगणकानं जन्माला घातलेले, त्यांना आई ना बाप; नावाशेजारी फक्त शंभरापैकी गुण. आपण अकरा जण निवडायचे, कोणाला कुठे उभं करायचं ते सांगायचं आणि गप्प बसायचं. रविवारी सकाळी संगणक सामना आपल्या आपण खेळतो आणि निकाल पाठवतो. हंगामाच्या शेवटी जो तळाला राहील त्याचा संघ बरखास्त, आणि जागा रांगेत उभ्या असलेल्याला. रांगेत पहिले पेडण्याचे एक निवृत्त हेडमास्तर होते. ते भेटले की प्रकृती विचारावी तशी माझी जागा विचारायचे.

साडूभाऊंचं या लीगविषयीचं शास्त्र एका वाक्यात सांगता येतं: अकरा जणांच्या गुणांची बेरीज करा, अकरानं भागा, ज्याची सरासरी मोठी तो जिंकणार. मग तुम्ही डावीकडे उजवा खेळाडू उभा करा, नाहीतर तीन सेंटर फॉरवर्ड एकमेकांच्या पायात पाय अडकवून पाडा. “मातीक विचारतात काय, तू जहाजात खंय बसतली म्हणून?” असं ते म्हणत. दर शनिवारी दहाही संघांच्या सरासऱ्या काढून ते सगळ्यांना फोनवर पाठवत, आणि दर रविवारी संगणक त्या खोट्या ठरवी. एवढ्यानं साडूभाऊ डगमगणारे नव्हेत. ते संगणकाला नापास करत. त्यांचा स्वतःचा संघ सरासरीत कायम पहिला आणि गुणतक्त्यात कायम सातवा. याचं कारण विचारलं तर म्हणत, “तक्तो चुकता.” अशा माणसावर मी हसत होतो. पोट धरून हसत होतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हसायची पाळी माझी नव्हती.

या दहांत एक संघ त्यांच्या मुलाचा, सर्वेशचा. सर्वेश इंग्लंडात, कुठल्याशा गोदामात खोकी भरायला आहे. खाणी चालू असत्या तर डिचोलीलाच असता. पोरगा गुणी, पण फोनवर बापाशी बोलायचं म्हणजे दोघंही दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. जेवलास? जेवलो. थंडी? आहे. बरं, आईला देतो. संपलं. साडूभाऊंनी त्याला लीगमध्ये ओढला आणि चमत्कार झाला. दर रविवारी निकाल आला की त्याचा फोन, आणि बापलेक एवढा वेळ बोलत, की तांदळाच्या पेजेवर साय धरायची. आधी फुटबॉल, मग गोदाम, मग शेजारचा पोलिश माणूस, मग भाताला पाणी किती घालायचं. हे मला साडूभाऊंनीच सांगितलं होतं, एकदा, गाडी चालवताना, समोर बघून. “लीग नसती तर तो माझ्याकडे उलयलो नसतो,” म्हणाले, आणि लगेच समोरच्या बसला त्रेपन्न गुण दिले.

पण कामाच्या पाळ्या उलट्यासुलट्या असल्यानं सर्वेश संघ निवडायलाच विसरायचा. मग संगणक जखमी खेळाडूंनाही मैदानात पाठवायचा आणि ते लंगडत हरायचे. हंगाम संपत आला तेव्हा सर्वेश दहावा होता. नववा कोण, हे सांगायची गरज नसावी. आम्हा दोघांत दोन गुणांचं अंतर, आणि शेवटचा सामना आमचाच एकमेकांशी. मला बरोबरी पुरेशी होती. हरलो तर मी बाहेर आणि हेडमास्तर आत. सर्वेश जिंकला नाही तर तो बाहेर, आणि डिचोलीच्या त्या घरातला रविवारचा फोन पुन्हा जेवलास-जेवलो वर.

आता माझ्याकडे होतं काय, तर एक गोलकीपर. अठ्ठ्याऐंशी गुणांचा. बाकीचे दहा जण म्हणजे भाजीवर मिळणारी कोथिंबीर. हा एकटा उभा राहायचा म्हणून मी नववा होतो. त्या शनिवारी साडूभाऊ सकाळीच कोरगावला हजर झाले. दशावतारातल्या नारदासारखा चेहरा, हातात फोन. चहा येईपर्यंत त्यांनी आमच्या फणसाला एकोणऐंशी दिले. मग म्हणाले, “तुझी सरासरी बघवत नाय रे. सर्वेशपेक्षा अर्ध्या गुणानं कमी. हरतलो तू.”

मग त्यांनी मला गणित घातलं. माझा गोलकीपर त्यांना द्यायचा. बदल्यात त्यांचे चौऱ्याऐंशी गुणांचे दोन मिडफिल्डर माझे. गोलात माझा राखीव एक्कावन्नवाला उभा करायचा. तिथे सदतीस गेले, पण मधल्या फळीत साठ-साठच्या दोघांच्या जागी चौऱ्याऐंशीचे आले, म्हणजे अठ्ठेचाळीस वाढले. बेरजेत अकरा जास्त. सरासरीत बरोबर एक. मी कागदावर करून पाहिलं. गणित चोख होतं.

आता इथे कुठलाही शहाणा माणूस विचार करील, की याचाच मुलगा माझ्यासमोर उभा असताना हा मला मजबूत करायला पेडणे तालुक्यात कशाला येईल? मीही तो विचार केला. अगदीच बैल नाही मी. पण विचार करून मी जो निष्कर्ष काढला, तो ऐका. मला वाटलं, या माणसाला आकड्यांपुढे पोटचा पोरगाही दिसत नाही! सरासरी कमी असलेला संघ याला बघवत नाही, मग तो मुलाच्या विरुद्ध का असेना. मला त्यांची कीव आली. थोडा तिरस्कारही आला. आणि अशा वेड्याच्या वेडाचा फायदा आपण घ्यायचा नाही तर कोणी घ्यायचा, असा विचार करून मी फोनवर बटण दाबलं. बायको आतून म्हणाली, “गोलकीपर कित्याक दितात?” मी तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही असं सांगितलं.

साडूभाऊंनी चहा संपवला, कप उपडा करून पाहिला आणि काही गुण न देता निघून गेले. तेव्हा तरी मला संशय यायला हवा होता.

सामना मी पाच-दोननं हरलो. माझे दोन्ही गोल त्या नव्या मिडफिल्डरांनीच मारले होते, म्हणजे साडूभाऊंच्या मालात खोट नव्हती. पाच गोल मात्र माझ्या एक्कावन्नवाल्यानं खाल्ले. संगणकानं पाठवलेला वृत्तान्त मी वाचला. त्यातला एक गोल सर्वेशच्या बचावपटूनं आपल्याच अर्ध्या मैदानातून मारला होता, चेंडू नुसता पुढे ढकलायला म्हणून. त्या वेळी माझा गोलकीपर कुठे होता हे संगणकालाही सांगता आलं नव्हतं. हेडमास्तरांचा सांत्वनाचा फोन निकालाच्या आधी आला की नंतर, एवढंच मला नीट आठवत नाही.

मी गाडी काढली ती सरळ डिचोली. वाटेत मी साडूभाऊंना काय काय बोलायचं ते मोठ्यानं घोकत होतो. घोकलेलं बरं जमलं होतं. पण पोचलो तेव्हा साडूभाऊ दारापुढच्या बाल्कांवात फोन कानाला लावून बसलेले. मला पाहून त्यांनी हातानंच बस म्हणून खूण केली आणि पाठ फिरवली. पलीकडे सर्वेश भडाभडा बोलत होता, त्याचं हसणं मला उंबऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. साडूभाऊ मधे मधे फक्त हूं म्हणत होते. मग एकदम त्यांनी विचारलं की नव्या खोलीत ऊन येतं का. सर्वेश सांगायला लागला. खिडकी कुठे, ऊन कधी, भिंतीवर ओल आहे, त्या पोलिश माणसानं रंग आणून दिलाय. साडूभाऊ डोळे मिटून ऐकत होते, जणू ती खिडकी त्यांना इथून बघायची होती. त्या खिडकीला त्यांनी किती टक्के दिले कोण जाणे. मी घोकलेलं सगळं तसंच घेऊन आत स्वयंपाकघरात गेलो.

ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, कोळंबी सोलत बसली होती. मी तिला विचारलं, त्यांनी हे मुद्दाम केलं का. तिनं मान वर न करता सांगितलं की शुक्रवारपासून ते जेवले नव्हते नीट; शनिवारी कोरगावहून आले तेव्हा दोनदा भात मागून घेतला. बाहेरून साडूभाऊंचं हसणं आलं, आणि ते हसणं मी आजवर कधी ऐकलंच नव्हतं, असं वाटलं. मी पाटावर बसलो. म्हटलं, “ताई, यासाठी एवढं गणित कशाला? मला नुसतं सांगायचं. सर्वेशसाठी मी मुद्दाम हरलो असतो.”

ताईनं कोळंबीचं साल बाजूला टाकलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“नका भावोजी,” ती म्हणाली. “मुद्दाम हरायला गेला असता, तर तुम्ही जिंकला असता.”