रजेवर गेलेला हवालदार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला तर मी आमटी करपली तरी फोन करून सांगते.

गोष्ट मंदीच्या वर्षांतली, दुबईतली. काचबिंदूने बाबांची नजर गेली, म्हणून ते आमच्याकडे जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहायला आले. नजर गेली, पण मेजर इंद्रजितच्या थरारक कादंबऱ्यांचं वेड काही गेलं नाही. ती अख्खी मालिका खालच्या मजल्यावरच्या पेंडसेकाकांकडे होती. सुट्टीवरून परतताना लोक बॅगेत लोणची-पापड भरतात, काका मेजरला भरायचे. त्यांच्याकडून एकेक आणून मी रोज संध्याकाळी बाबांना वाचून दाखवायचे.

बाबांचा खरा जीव मात्र मेजरवर नव्हता, त्याच्या हवालदार गणपतवर होता. गोळ्या झेलायच्या गणपतने आणि पदक मेजरला — बाबांना त्याचं फार वाईट वाटे.

एकदा माझी टीव्हीवरची मालिका लागायची वेळ झाली आणि पुस्तकातलं शेवटचं प्रकरण काही संपेना. मी सरळ पानं उलटली, शेवटचा परिच्छेद वाचला, पुस्तक मिटलं. बाबांना कसं कळणार?

पुढच्या पुस्तकात पहिल्याच पानावर मेजर गणपतच्या फोटोला हार घालत होता. म्हणजे — गाळलेल्या पानांत तो मेला होता! मी थबकले. बाबा म्हणाले, "वाच की. गणपत कुठाय?"

"रजेवर आहे, बाबा. गावी गेलाय."

रजा तरी किती दिवस पुरणार? शेवटी मीच त्याला परत आणलं. मेजरची वाक्यं काढून त्याला द्यायला लागले. आणि खोटं कशाला बोलू — मला मजा यायला लागली.

एवढंच असतं तर हे कशाला सांगत बसले असते?

मंदीत काकांची जबल अली बंदरातली नोकरी गेली. कायमचं भारतात जायच्या आधी ते सगळी पुस्तकं बाबांना द्यायला आले. बोलता बोलता म्हणाले, "गणपत गेला ना, तेव्हा मला जेवण गेलं नाही हो."

बाबा ताडकन म्हणाले, "काहीतरीच काय! कालच त्याने मेजरला वाचवलं. माझी मुलगी ओळ न् ओळ वाचते. सांग गं यांना!"

आणि मी सांगितलं. "काका, तुमचा घोटाळा होतोय. नोकरीचं टेन्शन आहे ना, होतं असं."

काका माझ्याकडे बघत राहिले. ती पुस्तकं त्यांना पाठ होती. "असेल बाई," ते म्हणाले, "डोकंच खलास झालंय हल्ली." पिशवी ठेवून ते गेले. "बिचारा," बाबा म्हणाले. "हं, वाच."

मी वाचलं. पुढची कितीतरी वर्षं वाचलं, आणि ती वर्षं सुखाची होती. गणपतला मी सुभेदार केलं, त्या दिवशी बाबांनी पेढे आणायला लावले. मीही आवडीने खाल्ले. बाबा गेले ते समाधानाने गेले. काकांना मी कधी फोन केला नाही.

त्यांचं नाव लिहिलेली ती पुस्तकं अजून माझ्या कपाटात आहेत. ती गाळलेली पानं मी आजही वाचलेली नाहीत. गणपत मेला होता. पेंडसेकाका खरं बोलत होते.