केरबाची भाकरी

भुजंगला कॉलेजच्या पहिल्या वर्षी एकही मित्र मिळाला नाही, म्हणून त्यानं एक तयार केला. त्याचं नाव केरबा. नाव शोधायलाही फार कष्ट पडले नाहीत. नांदेडच्या एसटी स्टँडसमोर एका सायकल दुकानाच्या पाटीवर ते आयतंच लिहिलेलं होतं.

भुजंग अहमदपूरकडच्या एका खेड्यातला. लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि त्याचे वडील ग्यानोबा भेटेल त्याला सांगत, "आता कलेक्टर आपल्या उंबऱ्याशी आला. पोरगं शिकलं की तिथंच चिकटतंय बघा." शिकायला मात्र त्याला नांदेडला धाडलं, कारण लातूरची गाडी गावच्या फाट्यावर थांबत नसे आणि नांदेडची थांबे. आमच्याकडे मोठमोठे निर्णय असेच होतात.

बारावीपर्यंत तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात सर इंग्रजी पुस्तक उघडून मराठीत समजावत. इथले सर फळ्याकडे तोंड करून इंग्रजीत सुरू होत ते तास संपल्यावरच थांबत. शहरातली पोरं शाळेपासूनची एकमेकांची. त्यांच्या गलक्यात शिरायला याला फट सापडेना. मागच्या बाकावर बसायचं, तास झाला की खोलीवर जायचं. कुणी त्याला त्रास दिला नाही. कुणी नावही विचारलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

डबा गावाहून यायचा. तेव्हा खेड्यातल्या पोरांचं पोट एसटीवरच चाले. आई फाट्यावर कंडक्टरच्या हवाली करी, पोरगं नांदेडला उतरवून घेई, रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं माघारी. भुजंगची आई गुणाबाई जुन्या लुगड्याच्या फडक्यात डबा बांधायची, आणि त्यात तीन भाकरी असायच्या. दोन त्याच्या, तिसरी शेजाऱ्याची. बाजूला बसलेल्याला विचारल्याशिवाय घास उचलायचा नाही, ही तिची जन्माची शिस्त. रानात असो, बाजारात असो, ती त्यातून हलली नाही.

पहिले काही आठवडे तिसरी भाकरी तशीच परत गेली. रविवारी तो घरी आला तेव्हा गुणाबाईचं तोंड एवढंसं झालेलं. "भुजंग्या, कुनीच न्हाई का रं बाजूला बसायला?"

"हाय की माय. केरबा हाय."

"मग खात का न्हाई?"

"लाजतो." आणि गोष्ट पटावी म्हणून त्यानं वर जोडून दिलं, "त्याला माय न्हाई. सवयच न्हाई त्याला."

इथंच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आली, कधी गुळाचा खडा आला. "केरबाला म्हणावं, लाजू नगंस." भुजंग ती भाकरी स्टँडच्या मागं फिरणाऱ्या एका तांबड्या गाईला घालू लागला. डबा रिकामा जाई, माय खूश, गाय खूश. तो मात्र दोघींनाही तोंड दाखवायला ओशाळा होई.

पाऊस त्याही साली आला नाही. विहिरींनी तळ दाखवला, पाण्याचा टँकर आला की गाव धावे. गुणाबाई रोजगार हमीवर तलावाची माती वाहू लागली. घरची ज्वारी सरत आली तसा भुजंग धास्तावला. "माय, केरबाची भाकर बंद कर आता," तो एकदा म्हणाला.

"का रं? आपुन घरी हाव, काय बी खाऊ. ते बिनमायचं लेकरू कुनाच्या तोंडाकडं बघंल?"

आता खरं सांगावं, असं त्याच्या ओठांवर आलं. पण गाडीची वेळ झाली होती, तो फाट्याकडं निघाला.

वाटेवरच्या लोहा गावचा मारोती नावाचा पोरगा त्याच गाडीनं येणारा आपला डबा घ्यायला स्टँडवर यायचा. एकदा त्यानं बाकावर सरकून जागा केली. "ये की दोस्ता, संगट खाऊ." तेवढ्यात त्यानं गाय पाहिली, भुजंगच्या हातातली भाकरी पाहिली. "गाईला भाकर? लई सुकाळ दिसतो तुमच्याकडं!" थट्टाच होती, पण भुजंग शरमेनं काळाठिक्कर पडला. त्या दिवसापासून तो स्टँडच्या दुसऱ्या टोकाला बसू लागला.

मग एक दिवस डब्याऐवजी गुणाबाईच गाडीतून उतरली. कामाला सुट्टी होती. फडकं छातीशी धरलेलं, तोंडभर हसू. "कुठं हाय केरबा? म्हनलं डोळ्यानं बघावं."

"आज... गावाकडं गेलाय."

दोघं बाकावर बसली. उघड्यावरच्या उन्हात भुजंगनं आईला नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. घरातल्या अंधारात हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. त्यानं घास उचलला, आणि तांबडी गाय नेहमीच्या भरवशानं आली. इतर कुणाकडे बघितलं नाही. सरळ भुजंगपुढं उभी राहिली आणि तिनं डब्याशी तोंड नेलं.

गुणाबाईनं गाईकडं पाहिलं, मग लेकाकडं. त्याची मान खाली गेली होती. तिनं तिसरी भाकरी उचलली, मोडली, गाईला घातली आणि तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"ह्योच का रं केरबा?"

तिच्या आवाजात राग असता तरी त्याला सोसलं असतं. राग नव्हता. पोरगं परमुलखात एवढं एकटं आहे आणि आपल्याला ठाऊक नाही, एवढंच होतं. ती संध्याकाळच्या गाडीनं गेली.

दुसऱ्या दिवशी भुजंगनं भीत भीत डबा उघडला. तिसरी भाकरी होतीच. वर चटणीही होती.

तो डबा घेऊन तडक मारोतीच्या बाकाकडं गेला. बाक रिकामा होता. पुढच्या दिवशीही तो रिकामाच होता. कंडक्टर म्हणाला, "लोह्याचा डबा बंद झाला. त्यो मारोती कॉलेज सोडून ऊसतोडीला गेला."

भुजंग त्या बाकावर बसून राहिला. गाय आली, थांबली, निघून गेली. संध्याकाळी त्यानं तिसरी भाकरी डब्यात ठेवून फडक्याची गाठ बांधली आणि गाडीत दिली.

पुढं तो लातूरच्या कचेरीत चिकटला, ग्यानोबांच्या मनासारखा. गुणाबाई गेल्यावर बहिणीनं, नागुबाईनं, त्याला सांगितलं, "त्या साली मायच्या वाटणीला एकच भाकर यायची. तीच ती डब्यात घालायची."