सात सुती, टोकदार

माझी शाळा तिसरीतच सुटली होती. विसाव्या वर्षी कोकणातलं घर सोडून खामगावात एका न्हाव्याच्या दुकानात काम मागायला उभा राहिलो. उस्तादांनी फळीवर चार वस्तरे मांडले.

"उचल एक. बरा उचलला तं ठेवतो, नाही तं टेसन तुले ठाऊकच हाये."

पात्याची रुंदी सुतात मोजतात. मी सगळ्यांत रुंद, सात सुती, टोकदार वस्तरा उचलला, कारण तो चकाकत होता.

"वा! नवरदेवाची तलवारच उचलली ह्यानं!" उस्ताद म्हणाले.

बाकावरचे कापसाचे दलाल हसले. उस्तादांनी मलाच खुर्चीत बसवलं, साबण फासला, त्याच वस्तऱ्याने गालावरची दाढी सफाईने उतरवली आणि कानाशी येताच टोक पाळीत घातलं.

"काऊन बे, लागलं?"

"नाही."

"रगत तं हो म्हनून राह्यलं." त्यांनी पाळीवर तुरटी दाबली. "नवशिक्याच्या हातात टोक कानच शोधते. आता उचल."

मी पाच सुती, गोल टोकाचा उचलला. त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी उस्ताद त्याच टोकदार वस्तऱ्याने दलालांचे कल्ले कोरत होते. त्यांच्या हातून कुणाची पाळी कापलेली मी पुढे अकरा वर्षांत पाहिली नाही.

त्यांनी ठेवून घेतलं, हे उपकार मी विसरलेलो नाही. फक्त अजूनही कुणी माझ्या कानाशी हात आणला, की मी आधीच म्हणतो, "नाही लागलं."