मावशीच्या गाडीतला पिवळा पाना

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचते. घाटात लिफ्ट मागणाऱ्या इतक्या बायका खरोखर उभ्या असत्या, तर एव्हाना तिथे बसथांबा झाला असता. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पुढे जे लिहितेय त्यात भूत नाही, अमावास्याही नाही. सगळं भर दिवसा, जुईनगरमध्ये घडलंय, आणि त्याच्या केंद्रस्थानी मोटारीच्या डॅशबोर्डवरचा एक चिमुकला दिवा आहे. हसायचं तर हसा. मी तुमच्या जागी असते तर हसलेच असते.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण ते पुढे लागणार आहे. यंत्रांबरोबर जी माहितीपुस्तकं येतात ती मराठीत आणायचं काम मी करते. मिक्सर, वॉशिंग मशीन, गाड्या... ती कोणी वाचत नाही हे मला ठाऊक आहे. पण लिहिणारीला वाचावी लागतात.

कुसुममावशी माझ्या आईची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेली. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत टेलिफोन बोर्डावर तिची नोकरी झाली. सगळ्या खात्यांचे नंबर तोंडपाठ; मोठे साहेब स्वतःच्या सासरचा नंबरसुद्धा तिलाच विचारायचे म्हणे. काका गेले त्याच वर्षी तिने गाडी शिकून घेतली. "रडत बसलं तरी मांडीवर उशी लागते, गाडी शिकताना पण उशीच लागते," एवढंच तिचं स्पष्टीकरण. उंची कमी, म्हणून ती अजूनही उशीवर बसून चालवते. दर रविवारी नावड्याला जाते. तिथे मालती राहते, तिच्या शेजारच्या बोर्डावरची मैत्रीण. मालतीचे डोळे गेलेत. मावशी तिला गाडीत बसवते, काचा खाली करते आणि रस्त्यात काय काय दिसतंय ते सांगत तासभर फिरवते. मालतीला घराबाहेर काढणारं दुसरं कोणी नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याला मावशीचा मुलगा प्रसाद बंगळुरूहून आला तो ठरवूनच आला होता... गाडी विकायची. कारण? आईचं विसरणं वाढलंय. चहाची गाळणी फ्रिजमध्ये सापडली, दोनदा त्याला वडिलांच्या नावाने हाक मारली. माझ्या मते गाळणी फ्रिजमध्ये सापडणं हे स्मृतिभ्रंशापेक्षा घरात दुसरं कोणी नसल्याचं लक्षण आहे. पण प्रसाद मनापासून काळजीत होता, आणि खऱ्या काळजीपुढे विनोद चालत नाही. गिऱ्हाईक रविवारी गाडी बघायला येणार होतं.

खंडेनवमीच्या सकाळी मावशीने घरी गाडीची पूजा केली, बॉनेटला झेंडूची माळ घातली आणि ऑइल बदलायला गाडी गॅरेजमध्ये सोडली. संध्याकाळी गॅरेजवाल्यांनी गाडी घरपोच आणून दिली. बिल, काचेवर पुढच्या सर्व्हिसचं स्टिकर, सगळं व्यवस्थित.

दसऱ्याच्या सकाळी मी आपट्याची पानं घेऊन गेले तर खाली पार्किंगमध्ये मायलेकांची जुंपलेली. डॅशबोर्डवर पिवळा पाना पेटला होता. नट पिळायचा पाना असतो ना, त्या चित्राचा दिवा. सर्व्हिसची आठवण करून देतो.

"आई, तो फक्त रिमाइंडर आहे गं."

"मग कशाची आठवण करून देतोय तो?"

"ऑइल चेंजची!"

"तेच सांगतेय मी. ऑइल बदललेलं नाही."

"बदललंय. बिल आहे. रीसेट करायचं राहिलंय फक्त."

"कसं बदलतील? पाने सगळे पूजेला होते."

प्रसादने माझ्याकडे पाहिलं. "बघितलंस ताई? ऑइलचं विचारलं की पूजेचं सांगते. हे असं चाललंय."

खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं.

असल्या दिव्याचा उतारा मला पाठ होता, कारण याच मॉडेलचं पुस्तक मी मराठीत केलंय. इंजिन सुरू न करता चावी फिरवायची, ट्रिपचं बटण दाबून धरायचं, पाना लुकलुकतो आणि विझतो. मी तसं केलं. पाना लुकलुकला, विझला. प्रसाद म्हणाला, "झालं!" मावशीने इंजिन सुरू केलं... पाना पुन्हा हजर.

मग प्रसादने केलं, मोबाइलवर व्हिडिओ लावून. विझला. इंजिन सुरू करताच परत पेटला. मग त्याने बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबून परत लावली. घड्याळ बारावर गेलं, रेडिओची लावलेली सगळी स्टेशनं पुसली गेली. पाना जागच्या जागी. ऑइलची पट्टी काढून पाहिली तर ऑइल काळं; पण डिझेल गाडीत ताजं ऑइलही जरा चाललं की काळंच होतं, त्यामुळे त्यातून काही कळेना.

"तुम्ही त्याला गप्प करताय," मावशी म्हणाली. "तो काय म्हणतोय ते ऐकत नाही."

"आई, प्लीज. यंत्र आहे ते."

गंमत अशी की या बाबतीत प्रसादचंच बरोबर होतं. या दिव्याला ऑइलमधलं काही म्हणजे काही कळत नाही. तो किलोमीटर मोजतो. ठरलेलं अंतर झालं की पेटतो, बटण दाबलं की शून्यापासून मोजायला लागतो. 'हा दिवा ऑइलची स्थिती दर्शवत नाही' हे वाक्य माझ्या हातचं आहे. इंजिनात ऑइलऐवजी उसाचा रस घातला तरी त्याला पत्ता लागणार नाही.

गॅरेज उघडल्यावर आम्ही तिघं तिकडे गेलो. प्रसादच्या मते दिवा बंद करून घ्यायला. पेटलेल्या दिव्याची गाडी गिऱ्हाइकाला दाखवायची कशी? मावशी मात्र ऑइल बदलून घ्यायला निघाली होती. गाडी तीच चालवत होती.

गॅरेजचं नाव सांगत नाही. मालकांना सगळे शेठ म्हणतात. आत गिऱ्हाइकांना बसायला एसी लाउंज, तिथे कारंजं, आणि भिंतीवर 'वाहनसेवारत्न' असा कुठलासा पुरस्कार घेताना शेठचा फोटो. देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याचा फेटा मोठा. शेठनी तक्रार ऐकली आणि सर्जन बोलतात तशा आवाजात म्हणाले, "स्कॅनर लावा."

दिनेश नावाच्या मेकॅनिकने लॅपटॉप आणून गाडीला जोडला. त्याच्या झाकणावर आदल्या दिवशीचं कुंकू अजून होतं. पाना विझला. इंजिन सुरू केलं, तरी विझलेलाच. शेठनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आमच्या टाळ्या वाजवायच्या राहिल्या होत्या.

"काकू, आता टेन्शन नको. घरी जा, सोनं वाटा."

मावशीने गाडी फाटकापर्यंत नेली, थांबवली आणि तशीच मागे आणली. पाना पेटला होता.

आता शेठ वैतागले. "मॅडम, ऑइल काल शंभर टक्के बदललंय. माझ्या गॅरेजमध्ये असं होत नाय. काकूंच्या लक्षात नसेल, वय झालंय..."

प्रसादने मान खाली घातली. ती होकारार्थी नव्हती, पण नकारार्थीही नव्हती. मावशीने ते पाहिलं. माझ्या मते त्या सगळ्या दिवसात तिला लागलं असेल ते एवढंच. ती गाडीतून उतरली, उशी काखेत धरली आणि दिनेशसमोर उभी राहिली.

"कशाने बदललं रे बाळा ऑइल?"

"म्हणजे?"

"काल मी आले तेव्हा तुमची पूजा मांडून झाली होती. लाल कापड. डावीकडून पाने, मोठ्यापासून लहानापर्यंत. मग रिंगपाने. मग ऑइल फिल्टर काढायचा तो पट्टा. मग हा लॅपटॉप, त्याच्यावर पाच विड्याची पानं, एक फाटकं. आणि शेवटी हिरवं नरसाळं, कडेला चीर गेलेलं. नारळ उभा राहीना म्हणून शेठनी तो नरसाळ्यात बसवला. बरोबर?"

दिनेशने शेठकडे पाहिलं.

"माझी गाडी त्याच्यानंतर आत आली. नारळ बसवलेल्या नरसाळ्यातून ऑइल ओतलंत कसं?"

"पूजा काय दिवसभर असते का काकू," शेठ म्हणाले. "झाल्यावर उचललं असेल सामान."

त्यांनी हे बोलायला नको होतं, कारण लाउंजच्या टीव्हीवर त्यांच्याच पूजेचे फोटो फिरत होते. सकाळच्या पूजेला येणारे प्रमुख पाहुणे, कोणी माजी नगरसेवक, संध्याकाळी उगवले होते. त्यांच्या हस्ते पुन्हा आरती, शाल, श्रीफळ. खिडकीबाहेर अंधार. आणि समोर लाल कापडावर सगळी हत्यारं जिथल्या तिथे. प्रसाद काचेपाशी जाऊन तो फोटो पाहत उभा राहिला. मोठा पाना, लहान पाना, रिंगपाने, पट्टा. ओठ हलत होते. एकेक वस्तू तो आईच्या यादीशी ताडून पाहत होता. फोटो बदलला तरी तो परत येईपर्यंत थांबला. नरसाळं. नारळ.

"फाटकं पान पण आहे," तो हळूच म्हणाला.

आणि मग दिनेशला उलगडलं. त्याने कपाळाला हात लावला. "शेठ... काकूंच्या गाडीला माळ होती ना."

"मग?"

"आपलं ठरलं होतं, काम झालेल्या गाडीला आपल्याकडनं माळ. पूजेआधी केल्या त्या गाड्यांना घातल्या. काकू घरूनच माळ घालून आल्या. पोरांना वाटलं, झालेली गाडी आहे. बिल फाडलं, पाना रीसेट केला, दिली सोडून."

लबाडी नव्हती, झेंडू होता. शेठचा एक मोठेपणा मात्र मान्य करते... त्यांनी मावशीचे खरोखर पाय धरले. अर्थात त्या प्रसंगाचाही कोणीतरी फोटो काढला.

इथवरच्या सगळ्याचा खुलासा आहे. आता ज्याचा नाही ते.

गाडी लिफ्टवर चढवली. दिनेशने इंजिन बंद करून चावी मावशीच्या हातात दिली, तिने ती पर्समध्ये टाकली आणि लिफ्टसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर उशी ठेवून चहा घेत बसली. मी तिच्या शेजारी उभी. जुना फिल्टर निघाला तर त्याच्यावर मार्करने मागल्या सर्व्हिसची तारीख. जुनं ऑइल काकवीसारखं उतरलं. मग गाडी खाली घेऊन त्याच चीर गेलेल्या हिरव्या नरसाळ्यातून नवीन ऑइल ओतलं. या सगळ्या वेळात गाडीत कोणी बसलं नाही. लॅपटॉप लांब टेबलावर, बंद.

"काकू, चावी द्या. पाना रीसेट करतो," दिनेश म्हणाला. त्याने चावी फिरवली. डॅशबोर्डचे सगळे दिवे नेहमीप्रमाणे लागले आणि एकेक करून विझले. पान्याची जागा काळी. त्याचा अंगठा ट्रिपच्या बटणापर्यंत गेला होता, तो तसाच हवेत थांबला.

"ताई, तुमी केलं काय?"

"मी इथेच उभी आहे."

"मग हा विझला कसा?"

"सेन्सर," शेठ घाईघाईने म्हणाले. "ऑटोमॅटिक असतं."

"ह्या गाडीत नाय सेन्सर, शेठ," दिनेश म्हणाला. चावी बंद करून त्याने पुन्हा फिरवली. इंजिन सुरू केलं, एक चक्कर मारून आला. पाना नाही.

नंतर मी बऱ्याच जाणकारांना विचारलं. एकाने सांगितलं, लूज कनेक्शन. असेलही. पण आम्ही तीन वेळा विझवूनही न जुमानणारं आणि ऑइल बदलताच आपणहून जुळणारं लूज कनेक्शन मला अजून कुठल्या पुस्तकात भेटलेलं नाही. वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा. फक्त 'सेन्सर असेल' असं लिहू नका. 'नाही' असं मीच छापलंय.

परत येताना मावशी चालवत होती. मागे बसून प्रसादने गिऱ्हाइकाला फोन लावला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. का, असं पलीकडून विचारलं असावं. "आईला लागते," तो म्हणाला.

सिग्नलला मी मावशीला विचारलं, "तुला आश्चर्य नाही वाटलं? बटण न दाबता विझला तो."

"त्यात काय आश्चर्य?" ती म्हणाली. "आमच्या बोर्डावर सगळे दिवेच होते. दिवा लागला म्हणजे पलीकडे कोणीतरी ताटकळतंय. आपण कॉर्ड लावायची, उत्तर द्यायचं, की तो आपोआप जायचा. विझवायचं बटणच नव्हतं गं आमच्याकडे."

सिग्नल हिरवा झाला. तिने उशीवर जरा सावरून घेतलं आणि गिअर टाकला.

"चला," ती म्हणाली, "आज रविवार नाहीये, पण मालतीला सोनं देऊन येऊ."