धाडीची हलगी

निजामाच्या राजवटीतलं ते शेवटचं मार्गशीर्ष. धाडींच्या भीतीनं आमच्या गावानं ठरवलं होतं, हलगी वाजवायची ती फक्त धाड आली तरच. लग्नं मुकी लागली, बारशी मुकी झाली. हलगी ऐकू आली की घरात न शिरता तडक ज्वारीत पळायचं आणि लेकरू ज्याच्याजवळ असेल त्यानं उचलायचं. ठरवताना सगळं कसं सोपं वाटतं!

माझे मालक पैलवान. त्या दिवशी ते अणदूरला, खंडोबाच्या जत्रेत कुस्तीला गेले होते. तीन महिन्यांचं पोर पाळण्यात निजवून, थोरल्या जावेला सांगून मी ओढ्यावर धुणं धूत होते. दुपारी वेशीकडून हलगी कडाडली. हातातलं लुगडं तसंच टाकून मी ज्वारीत पळाले.

तिथं जाऊबाई दिसल्या. हात रिकामे.

"आक्का, माझं पोर कुठंय वो?"

"अगं, म्या जळणाला गेलते. तू न्हाई व्हय नेलंस?"

मला आवरायला चार बायका धावल्या. एकीच्या हाताला मी कडकडून चावले. त्याची मला आजही लाज वाटत नाही. गावाकडं पळताना मी देवाला नवस बोलले नाही, शिव्या घातल्या. हलगी आमच्याच दारात वाजत होती.

अंगणात मालक उभे. डोक्याला फेटा, अंगभर गुलाल. जिंकलेल्या पैलवानाला वाजतगाजत घरी आणायची रीत. वाजवणारे अणदूरचे, त्यांना आमच्या गावाचं काय ठाऊक? आणि ज्यांना ठाऊक होतं ते जिंकण्याच्या धुंदीत विसरले. त्यांच्याकडं न बघता मी आत घुसले. पोर पाळण्यात गाढ झोपलं होतं.

हायसं वाटलं, पण किती वेळ? उंबऱ्याशी तीन हलग्या कडाडत होत्या. फळीवरची भांडी थरथरत होती. पोराची पापणीही हलत नव्हती.

"पैलवानाचं पोर हाय, भीत न्हाय लेकाचं," कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

आमच्या घरातल्या बाईनं कधी हलगीला हात लावला नव्हता. मी एका वाजवणाऱ्याकडून ती हिसकावली आणि पाळण्यावर धरून बडवत सुटले. ऊठ रे बाळा, ऊठ, रड! लोकांना वाटलं, नवरा जिंकला म्हणून बाई आनंदानं येडी झाली. सगळे हसले. मालकही हसले.

हलगीवरचा चिमूटभर गुलाल पोराच्या गालावर पडला. तेवढ्यानं ते जागं झालं.